रक्ताचे आकडे जागेवर राहावेत म्हणून

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की आपण सगळे एकच गोष्ट शोधतो: एखादा आकडा ठळक तर छापलेला नाही ना. नसला की सुटलो म्हणायचं आणि कागद फायलीत टाकायचा. पण शेजारी 'नॉर्मल रेंज'चा जो रकाना असतो, तो सावकाश वाचण्यासारखा आहे. सोडियम १३५ ते १४५. पोटॅशियम ३.५ ते ५. कॅल्शियम ८.५ ते १०.५ च्या आसपास. तुम्ही काल झणझणीत मिसळ चापली असेल नाहीतर निर्जळी एकादशी केली असेल, उन्हात राबला असाल नाहीतर एसीत बसून असाल. तब्येत ठणठणीत असेल तर सोडियम त्या दहाच्या पट्ट्यातच सापडणार.

आता त्याच फायलीतला लघवीचा रिपोर्ट काढा. 'स्पेसिफिक ग्रॅव्हिटी' १.००५ ते १.०३०. दिसायला फरक चिमूटभर, पण शुद्ध पाण्याचा आकडा १.००० असतो. म्हणजे लघवीत विरघळलेले पदार्थ सहापट कमीजास्त झाले तरी लॅब तिला नॉर्मलच म्हणते. मूत्रपिंडाची खरी झेप तर याहून मोठी. विरघळलेल्या कणांच्या मोजमापात रक्त २८० ते २९५ च्या मध्ये राहतं, आणि लघवी ५० पासून १२०० पर्यंत कुठेही असू शकते.

हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले की शरीराचा समतोल बराचसा कळतो. रक्त हलत नाही, कारण लघवी हलते. घाम, श्वास, नाडी, तहान, भूक, सगळं हलतं. मोजके आकडे धरून ठेवायचे आणि त्यासाठी बाकीचं हवं तेवढं वरखाली होऊ द्यायचं, असा हा कारभार आहे. वैद्यकशास्त्र त्याला होमिओस्टॅसिस म्हणतं.

शाळेत हे असं कुणी शिकवत नाही. पचनसंस्था एका धड्यात, श्वसनसंस्था दुसऱ्या, उत्सर्जनसंस्था तिसऱ्या. प्रत्येकाची आकृती, आकृतीला नावं, चार गुण. त्यात मूत्रपिंडाच्या वाट्याला 'टाकाऊ पदार्थ बाहेर टाकणे' एवढंच येतं. मला हे फार अन्यायाचं वाटतं. मूत्रपिंडाचं मोठं काम काय टाकायचं हे नाहीच. काय ठेवायचं, हे आहे.

पेशींभोवतीचं पाणी

सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं २८ लिटर पेशींच्या आत, १४ लिटर बाहेर. बाहेरच्या चौदातलं जेमतेम ३ लिटर रक्तवाहिन्यांत प्लाझ्मा म्हणून फिरतं आणि उरलेलं पेशींच्या मधल्या फटींत पसरलेलं असतं. चव घेतली तर खारट लागेल असं हे पाणी. अंगातल्या जवळपास ३० लाख कोटी पेशींपैकी बहुतेकींचा बाहेरच्या जगाशी कधीच संबंध येत नाही. त्यांना ऊन माहीत नाही, थंडी माहीत नाही, जेवण माहीत नाही. त्यांना माहीत आहे तो आपल्या अंगाला लागलेला खारट पाण्याचा पातळ थर.

आणि 'बाहेर' आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप आतपर्यंत आलेलं आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नळी दोन्ही टोकांना उघडी आहे. जेवलेला भात आतड्यात असतो तेव्हा तो हिशेबाने अजून शरीराबाहेरच असतो. आतड्याचं अस्तर ओलांडून रक्तात गेला की आत आला. फुप्फुसातली हवाही तशीच, बाहेरची. शरीरशास्त्राच्या पुस्तकातले बरेचसे मोठे अवयव, म्हणजे त्वचा, आतडं, फुप्फुस, मूत्रपिंड, या आत-बाहेरच्या सीमेवर बसलेले आहेत. मधलं पाणी कसं राहील हे तेच ठरवतात.

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात हा विचार पहिल्यांदा नीट मांडला. प्राणी दोन परिसरांत जगतो, एक बाहेरचा आणि एक आतला. आणि आतला स्थिर असतो म्हणूनच बाहेर मोकळं फिरता येतं. पुढे हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये त्याला आजचं नाव दिलं.

चंद्रपूरचा मे महिना

हे सगळं एका जागी कामाला लागलेलं बघायचं तर चंद्रपुरात मे महिन्यात रस्त्याचं काम करणाऱ्या माणसाकडे बघावं. पारा ४५ च्या पुढे. शरीराला आतून हवे आहेत ३७ अंश. त्वचेचं तापमान एरवी त्याहून दोन-चार अंशांनी कमी असतं, त्यामुळे इतर ऋतूंत शरीराची उष्णता आपोआप हवेत जाते. हवाच त्वचेपेक्षा तापली की हा मार्ग उलटा होतो. उष्णता बाहेरून आत येऊ लागते. उरतो एकच उपाय, घाम वाळवणं.

घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. स्वस्थ बसलेलं शरीर तासाला सत्तर-ऐंशी किलोकॅलरी उष्णता तयार करतं, फावडं मारणारं तीनशे-चारशे. म्हणजे तासाला लिटरभर घाम पूर्ण वाळला तर अंगमेहनतीची उष्णता निघून वर उन्हाचीही थोडी निघते. ठिबकून मातीत पडलेला घाम मात्र फुकट. नागपूरकराचा वाळ्याचा कूलर मुंबईत आणला तर खोली नुसती दमट होते, ते याच कारणाने: हवेत आधीच बाष्प भरलेलं असलं की पाणी वाळत नाही आणि थंडावाही येत नाही. कोकणातल्या ३५ अंशांत माणूस विदर्भातल्या चाळिशीइतकाच हैराण होतो, त्यात नाजूकपणा काही नाही.

हुकूम कुठून सुटतो? मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या अगदी वर, हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. वजन चार ग्रॅमच्या आसपास. त्याच्यातून जाणारं रक्त जरा गरम झालं की तो दोन गोष्टी करतो. त्वचेतल्या २० ते ४० लाख घर्मग्रंथी सुरू करतो आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतो. एरवी मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त त्वचेत जातं. कडक उन्हात ते सहा-सात लिटरपर्यंत जाऊ शकतं. हे रक्त हृदयाने पुरवायचं, म्हणून नाडी पळते. उष्णतेच्या लाटेत दगावणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपैकी अनेकजण हृदय थकल्यामुळे जातात, ते यामुळे.

एक आकडा सांभाळताना दुसरा ढळतो, ही या सगळ्याची गंमत आणि धोकाही. घाम प्लाझ्मातून येतो. त्यात मीठ असतं, पण रक्तापेक्षा कमी. म्हणजे घामातून पाणी जास्त गेलं आणि मीठ कमी, त्यामुळे मागे राहिलेलं रक्त जरा जास्त खारट झालं. हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी एवढ्याच गोष्टीवर नजर ठेवून असतात. खारटपणात एक-दोन टक्क्यांचा फरक पडला की त्यांना कळतं. लगेच एक संप्रेरक रक्तात सोडलं जातं, एडीएच, आणि काही मिनिटांत ते मूत्रपिंडाला सांगतं की पाणी सोडू नकोस. दुसरीकडे तहान लागते. उन्हाळ्यात लघवी गडद पिवळी होते ती या हुकमामुळे. ती पाणी प्यायची आठवण समजावी, आजार नव्हे. (वय वाढलं की तहान बोथट होते. घरातल्या आजी-आजोबांना 'तहान लागली की सांगा' म्हणणं म्हणूनच पुरत नाही; भांडं हातात द्यावं लागतं.)

मूत्रपिंडं पोटात नसतात, पाठीत असतात. शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, मणक्याच्या दोन बाजूंना. उजवं जरा खाली, कारण त्याच्यावर यकृत आहे. प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन, म्हणजे दोन्ही मिळून शरीराच्या अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा यांच्याकडे जातो. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म नलिका, नेफ्रॉन. त्यांच्या तोंडाशी रक्त गाळलं जातं, आणि दिवसाला गाळून निघतं १८० लिटर.

१८० लिटर! रक्तातला प्लाझ्मा जेमतेम तीन लिटर. म्हणजे सगळा प्लाझ्मा दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. लघवी मात्र दीड लिटर. बाकीचं सगळं, म्हणजे ९९ टक्के, नलिकेतून वाहताना परत घेतलं जातं. वरवर पाहता हा शुद्ध वेडेपणा आहे. आधी सगळं बाहेर काढायचं आणि मग बसून परत भरायचं. पण या पद्धतीत एक मोठी सोय आहे. शरीरात कालपर्यंत कधी न आलेला पदार्थ आला, नवं औषध म्हणा नाहीतर कुठल्या रानभाजीतला रस, तर त्यातला बराचसा गाळून आपोआप बाहेर पडतो, आणि परत घ्यायच्या यादीत तो नसल्यामुळे सहसा बाहेरच राहतो. टाकायच्या गोष्टी ओळखत बसायचं कामच उरत नाही. ठेवायच्या तेवढ्या ओळखल्या की झालं. साखर सगळी परत, पाणी हवं तेवढं परत, सोडियम हिशेबाने.

सोडियमचा हिशेब ठेवणारं संप्रेरक अल्डोस्टेरॉन. ते मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींतून येतं. त्याची कामगिरी नव्याने उन्हात कामाला आलेल्या माणसात दिसते. पहिल्या काही दिवसांत घाम उशिरा सुटतो आणि त्यातून मीठ भरपूर जातं. बनियनवर पांढरे डाग पडतात. आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि मीठ कमी होतं, कारण अल्डोस्टेरॉन घर्मग्रंथींनाही मीठ धरून ठेवायला लावतं. शरीर हळूहळू सरावतं. म्हणून उन्हाळ्याचा पहिला झटका आणि गावाकडून नुकताच आलेला मजूर, या दोन ठिकाणी जपावं लागतं. मुकादमाने पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी करून घेणं धोक्याचं.

आणि नुसतं पाणी ढोसणंही बरोबर नाही. तासन्‌तास घाम गाळून वर फक्त साधं पाणी पीत राहिलं की सोडियम १३५ च्या खाली घसरतं. पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात. इतर पेशींचं चालून जातं. मेंदू मात्र कवटीत बंद असतो, त्याला फुगायला जागा नाही. डोकं दुखणं, मळमळ, बरळणं, आकडी, हे त्यातून येतं. ताकात मीठ, कैरीच्या पन्ह्यात मीठ-गूळ, कोकम सरबतात मीठ-साखर, हे आपलं जुनं वळण शास्त्राला धरूनच आहे.

त्यातल्या साखरेचं काय काम?

मीठ समजलं, साखर कशाला? इथे आतड्याकडे वळावं लागतं. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आपण प्यायलेलं पाणी मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर पातळ पदार्थ आतड्यात येतो. शौचातून बाहेर जातं शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकी सगळं आतडं परत शोषून घेतं. हा हिशेब फिसकटला की काय होतं ते कॉलऱ्यात दिसतं. कडक कॉलऱ्यात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जातो.

आतड्याच्या अस्तरात एक दार असं आहे की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी मांडली. कॉलऱ्याचं विष आतड्यातून पाणी बाहेर ओतायला लावतं, पण हे दार बंद करत नाही. नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर ते तसंच वाहून जातं. त्यात योग्य प्रमाणात साखर असली की आत जातं. ढाक्यात १९६८ मध्ये याचे पेशंटवर प्रयोग झाले. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालात आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून वाटलं. पेशंटचे नातेवाईकच पेल्याने पाजत होते. तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं; फार उशिरा, असं माझं मत.

आज मेडिकलमध्ये मिळणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पुडीत एक लिटरसाठी २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, सोबत पोटॅशियम आणि सायट्रेट. घरी करायचं तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर जास्त झाली की उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून जुलाब लागलेल्या पोराला कोल्ड्रिंक देऊ नये.

साखरेचा विषय निघालाच आहे तर रक्तातल्या साखरेचा आकडाही बघू. १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम धरली तर पाच लिटर रक्तात एकूण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. टपरीवरच्या कटिंगमध्येही तेवढी असते. ताटभर भात पचून त्याच्या कितीतरी पट साखर तास-दोन तासांत रक्तात उतरते, तरी आकडा थोडासा चढून परत खाली येतो. स्वादुपिंडात विखुरलेल्या पेशींच्या बेटांतून इन्शुलिन सुटतं, आणि यकृत व स्नायू साखर साठवून ठेवतात. यकृतात सुमारे १०० ग्रॅम साठा होतो. रात्रभर उपाशी झोपेत मेंदूला साखर पुरते ती त्यातूनच. मधुमेहात हा आकडा सुटतो. तो १८० च्या आसपास गेला की मूत्रपिंडाची साखर परत घेण्याची ताकद संपते, साखर लघवीत उतरते, जाताना सोबत पाणी ओढून नेते. मग सारखी लघवी, सारखी तहान. लघवीला मुंग्या लागतात ही आपल्याकडची जुनी खूण, तीही इथलीच.

श्वासाचं थोडक्यात सांगतो. दम कोंडला की जीव घाबरा होतो तो ऑक्सिजन संपल्यामुळे, असं वाटतं. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. त्याने रक्त आम्लाकडे झुकतं, आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायचा असल्याने मेंदू श्वास वाढवतो. विहिरीत बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेणारी पोरं कार्बन डायऑक्साइड आधीच उडवून टाकतात. मग आत ऑक्सिजन संपत आला तरी वर यायची ओढ लागत नाही, आणि पाण्यातच शुद्ध जाते. बुडीच्या आधी असं करू नये.

ताप आणि उष्माघात

थर्मामीटर दोन्हीकडे १०४ फॅरेनहाइट, म्हणजे ४० सेल्सिअस दाखवेल, तरी या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत, आणि फरक जिवावरचा आहे. मलेरियात किंवा फ्लूमध्ये हायपोथॅलॅमस स्वतःच ठरवतो की आता ३७ नको, ३९-४० हवे. अंग ३७ वर असतं आणि ध्येय ३९, म्हणून माणसाला थंडी वाजते, तो कुडकुडतो, गोधडी मागतो. पॅरासिटामॉल हे वर गेलेलं ध्येय खाली आणतं. मग अंग तापलेलं वाटतं, घाम फुटतो, ताप उतरतो.

उष्माघातात ध्येय ३७ च असतं. शरीर जिवाच्या आकांताने थंड व्हायला बघतंय आणि हरतंय. इथे पॅरासिटामॉलला खाली आणायला काही नाही. ते देऊन वाट बघण्यात जो वेळ जातो तो मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड नासायला पुरतो. माणूस उन्हातून आला, अंग भट्टीसारखं तापलंय आणि तो बरळतोय किंवा शुद्धीत नाही, तर सावलीत घ्या, कपडे काढा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत ठेवा, आणि हे करता करताच १०८ ला फोन लावा. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका.

पोटॅशियम

रिपोर्टमधला हा आकडा लोकांच्या नजरेतून सुटतो. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर जेमतेम दोन टक्के, आणि त्या दोन टक्क्यांवर हृदयाचे ठोके अवलंबून असतात. पाचाचं साडेसहा-सात झालं तर हृदय बंद पडू शकतं. (रक्त काढताना दंडाला पट्टी फार वेळ आवळली किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच चढतो. म्हणून बरा दिसणारा पेशंट आणि भयंकर पोटॅशियम असं जमलं की डॉक्टर बहुधा लगेच पुन्हा नमुना मागतात.)

आपण रोज केळी, बटाटे, टोमॅटो, डाळी खातो, नारळपाणी पितो, आणि सगळ्यांतून पोटॅशियम येतं. ते बाहेर काढायचं काम जवळजवळ सगळं मूत्रपिंडाचं. ती निकामी झाली की निरोगी माणसाला अमृत असलेलं शहाळं या पेशंटला जीवघेणं ठरू शकतं.

निरोगी मूत्रपिंडं आठवड्याचे १६८ तास काम करतात. डायलिसिसचं मशीन आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला साधारण ४ तास, म्हणजे एकूण ८ किंवा १२ तास. मधल्या वेळात आकडे चढत जातात: पोटॅशियम, आम्ल, आणि कुठेच न गेलेलं पाणी. म्हणून हे पेशंट पाणी पेल्याने मोजून पितात, आहारतज्ज्ञ त्यांना बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायला आणि ते पाणी फेकायला सांगतात, आणि युनिटमध्ये आल्याबरोबर सिस्टर आधी वजनकाट्यावर उभं करते. गेल्या खेपेपेक्षा दोन-अडीच किलो जास्त भरले, तर ते दोन-अडीच लिटर पाणी आहे. आज मशीनवर किती काढायचं ते त्यावरून ठरतं. तीनदा डायलिसिस करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा दोन दिवसांचा सलग खंड पडतो. या पेशंटांमधले मृत्यू त्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्त होतात, म्हणून निदान तेवढ्या दोन दिवसांत तरी खाण्यापिण्यात सूट घेऊ नका, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा बजावतात.